अधिकच्या जागी उणे

रविवारी सकाळी ओहोटीचं पाणी उतरलं, तेव्हा शिंपल्यातली कालवं काढायला गेलेल्या गोदूबाईला शाळेमागच्या खडकांत एक हात दिसला.

आधी तिला वाटलं, कुणाचा तरी कपडा अडकलाय. जवळ गेली आणि टोपली तिथंच टाकून ओरडत वर आली.

"शालंतली बाई हाय! गणिताची बाई! खडकात पडलीय!"

उपनिरीक्षक नेत्रा मोकल खारशेतला पोचली तेव्हा साडेनऊ वाजायला आले होते. गाव लहान. खाडीच्या तोंडाशी धक्का, धक्क्याला लागून माध्यमिक शाळा, शाळेच्या मागे समुद्र अडवायला बांधलेला दगडी बंधारा. बंधाऱ्याच्या खाली दोन पुरुष खोलीवर काळे खडक. भरतीला ते खडक पूर्ण बुडत, ओहोटीला उघडे पडत.

प्राप्ती गोंधळी दोन खडकांच्या फटीत अडकली होती. वय चौतीस. डोक्याला मागून जखम, डावा पाय गुडघ्याखाली मोडलेला.

"पर्स वर बंधाऱ्यावर सापडली, मॅडम," हवालदार सदा म्हणाला. "मोबाइल नाही."

"मुख्याध्यापकांना कळवलं?"

"आत्ताच फोन केला. कालपासून आंबेखारला आहेत. लगेच होडी सोडतो म्हणाले."

आंबेखार खाडीत आत, पाण्यानं बारा किलोमीटर. रस्त्यानं गेलं तर डोंगराला वळसा पडे, म्हणून ज्याच्याकडे होडी तो होडीनंच जाई.

प्राप्तीचा नवरा निकेत बंधाऱ्यावर बसला होता. नारळ-सुपारीची वाडी करणारा आडदांड माणूस. आत्ता मात्र त्याला स्वतःचे हात कुठं ठेवावेत तेही कळत नव्हतं.

"शेवटचं बोलणं कधी झालं?" नेत्रानं विचारलं.

"बोलणं नाही. मेसेज आला. काल पाच वाजता."

त्यानं मोबाइल पुढं केला. पाच वाजून पाच मिनिटांनी आलेला फोटो: शाळेचं पटांगण, मधोमध ध्वजस्तंभ. सव्वीस जानेवारीसाठी तो रंगवायला घेतला होता, खालचा अर्धा भाग पांढरा झाला होता. स्तंभाशेजारी एक मीटरपट्टी सरळ उभी केलेली. दुसरी मीटरपट्टी जमिनीवर, पहिलीच्या सावलीवर आडवी ठेवलेली. सावली दुसऱ्या पट्टीच्या टोकाशी बरोबर संपत होती.

खाली लिहिलं होतं: 'आत्ताच काढला. सोमवारच्या गणितासाठी. शाळेत काम आहे, उशीर होईल.'

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? अशी ती नेहमीच थांबते. वाडीत पाणी सोडलं. आठला शाळेत येऊन बघितलं, कुलूप होतं. फोन बंद. रातभर शोधलं."

"पाच ते आठ तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही."

"शुक्रवारी तुमचं भांडण झालं म्हणतात."

निकेतनं मान वर केली. बघ्यांत कुजबुज झाली. त्यानं ती ऐकली.

"झालं. ती म्हणाली, उद्या मी एक गोष्ट करणार आहे, सगळा गाव माझ्यावर उलटेल. काय ते सांगेना. मी म्हटलं, गप बस, आपल्याला इथंच राहायचंय. मोठ्यानं म्हटलं." त्यानं बंधाऱ्यावरची वाळू हातानं झाडली. "तेच शेवटचं नीट बोलणं आमचं."

"मोबाइलचा पासवर्ड कुणाला माहीत होता?"

"मला. शाळेत सगळ्यांना. मुलांची हजेरी तिच्याच मोबाइलवरून जायची. तीन एक चार दोन. पायची किंमत."

मुख्याध्यापक दिनानाथ चवरकर साडेदहाला धक्क्यावर उतरले. मशीनची होडी त्यांची स्वतःची. साठीला आलेले, पांढरा शर्ट, चेहरा उतरलेला. त्यांनी खडकांकडे एकदा पाहिलं आणि डोळे पुसले. गावानं त्यांच्यासाठी वाट करून दिली. शाळेच्या चार भिंती याच माणसानं उभ्या केल्या होत्या. चक्रीवादळात छप्पर उडालं तेव्हा पत्रे वाहायलाही तेच पुढं होते.

नेत्रानं त्यांना त्यांच्याच कार्यालयात बसवलं.

"काल तुम्ही आंबेखारला कशासाठी गेलात?"

"माझा सत्कार होता. आपल्या भागातल्या एका मंडळाची गणित स्पर्धा परीक्षा असते. यंदा आमच्या शाळेचा निकाल पहिला आला. चार वाजता कार्यक्रम, मग जेवण. रात्री तिथंच राहिलो."

"इथून कधी निघालात?"

"शनिवारची सकाळची शाळा. सगळे घरी गेल्यावर मी डबा खाल्ला आणि पावणेदोनला होडी सोडली. पावणेचारला तिथं पोचलो. धक्क्यावर हार घेऊन उभे होते लोक, विचारा कुणालाही."

"दोन तास लागले? आत्ता तर तासाभरात आलात."

"आत्ता ओहोटीबरोबर आलो ना. काल तेच पाणी तोंडावर होतं."

नेत्रानं मान हलवली. "प्राप्तीबाई शाळेत दिसल्या होत्या?"

"मी निघेपर्यंत तरी नाही. मागून आली असेल. फार मन लावून शिकवायची. संध्याकाळी मुलांकडून फुकट गणितं सोडवून घ्यायची. त्यावरून त्या क्लासवाल्या मितेशशी खटके उडायचे."

"तुम्ही काय शिकवता, सर?"

"मराठी आणि इतिहास." ते किंचित हसले, मग हसू आवरून म्हणाले, "तुमचं काम मी तुम्हाला शिकवू नये, मॅडम. पण इथं तीनच शक्यता आहेत. पाय घसरला, तिनं स्वतः उडी घेतली, नाहीतर कुणी ढकललं. प्राप्ती मुलांना दोन नाणी उडवायला लावायची ना, तसं. दोन छापे, दोन काटे, नाहीतर एकेक. प्रत्येकाची संभाव्यता तीनात एक. तेव्हा एकट्या निकेतवर गावानं बोट ठेवावं हे मला पटत नाही. तिन्हींना सारखं वजन द्या."

गावात निकेतची बाजू घेणारा तो पहिलाच माणूस होता. नेत्राला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

मितेशचा जबाब दहा मिनिटांत झाला. त्याचे गणिताचे क्लास शेजारच्या नागावला चालत.

"भांडलो मी तिच्याशी, नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "ती फुकट शिकवते, मग माझ्याकडे कोण येणार? पण काल चार ते आठ माझी दहावीची बॅच होती. चाळीस पोरं आहेत साक्षीला."

"त्याआधी?"

"घरी झोपलो होतो. पण मॅडम, ती पाचला जिवंत होती ना? मग त्याआधीचं कशाला?"

खरं होतं. पाच वाजताच्या त्या मेसेजनं सगळ्यांना मोकळं केलं होतं. उरला होता एकटा निकेत.

रविवारी पाच वाजता नेत्रा मुद्दाम पटांगणात गेली. रंगारी हजर होता. खालचा भाग त्यानं शनिवारी सकाळी रंगवला होता आणि बाराला काम थांबवलं होतं. म्हणजे फोटो शनिवारी बारानंतरचाच. त्यात शंका नव्हती.

प्राप्तीच्या वर्गातून तिनं मीटरपट्ट्या आणल्या. एक उभी केली. समुद्रावरचं ऊन तिरपं आलं होतं.

सदा पट्टीच्या सावलीवर दुसरी पट्टी ठेवायला वाकला आणि थबकला.

"मॅडम, ही पुरतच नाही."

सावली तीन पट्ट्यांपेक्षा लांब होती. ध्वजस्तंभाची सावली तर पटांगण ओलांडून शाळेच्या भिंतीवर चढली होती.

नेत्रानं मोबाइलवरचा फोटो पाहिला. एक मीटर पट्टी, एक मीटर सावली.

"फोटो पाचचा नाही, सदा."

"मग कधीचा?"

"उद्या बघू. सूर्य काही एका दिवसात रस्ता बदलत नाही."

सोमवारी सकाळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला.

"मृत्यू बुडून झालाय. फुप्फुसांत पाणी आहे. डोक्याची जखम जीवघेणी नव्हती."

"म्हणजे पाण्यात पडली?"

"नाही. पाण्यात पडली असती तर पाय असा मोडला नसता. कोरड्या दगडावर पडलीय. आणि जखमेचं रक्त पाणी लागायच्या आधी चांगलं गोठलेलं होतं. निदान तासभर ती तशीच पडून असणार. पाय मोडलेला, फटीत अडकलेला. मग पाणी आलं."

नेत्रानं फोन ठेवला. समोर सदा चहा घेऊन उभा होता. तिला चहा घ्यावासा वाटला नाही.

शाळेला सुट्टी दिली होती, तरी दहावीची काही मुलं वर्गाबाहेर ओट्यावर बसून होती. त्यांतल्या साक्षी जाधव नावाच्या मुलीचे डोळे सुजले होते. नेत्रा तिच्याजवळ जाऊन बसली.

"बाईंनी तुमचा शेवटचा तास कधी घेतला?"

"शुक्रवारी. स्पर्धा परीक्षेच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका आल्या होत्या. बाई एकेक गणित फळ्यावर सोडवून दाखवत होत्या."

"मग?"

साक्षीनं इतरांकडे पाहिलं. एका मुलानं मान हलवली.

"मला शेवटची गणितं आली नव्हती. वेळ संपला. मी पर्यायांचे गोल रिकामे सोडले होते. पण उत्तरपत्रिकेत ते काळे केलेले होते."

"माझेपण," तो मुलगा म्हणाला.

"असे किती जण?"

"पाच. आम्ही बाईंना सांगितलं. सगळी उत्तरं बरोबर होती, फक्त एक चुकलेलं. पाचही जणांचं तेच."

"कोणतं?"

"दोन नाणी एकदम उडवली तर एक छापा आणि एक काटा पडण्याची संभाव्यता किती. त्याचं उत्तर एक छेद दोन. आमच्या उत्तरपत्रिकेत एक छेद तीनचा गोल काळा होता." साक्षी रडवेली झाली. "बाई म्हणाल्या, हे मी तुम्हाला कधीच असं शिकवलं नाही. त्यांनी पाचही उत्तरपत्रिका घेतल्या, मोबाइलवर फोटो काढले. म्हणाल्या, हे कुणाचं काम आहे ते मला कळलं."

नेत्रानं वहीत लिहिलं: एक छेद तीन.

"उत्तरपत्रिका परीक्षेनंतर कुठं होत्या?"

"सरांच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी मंडळाचा माणूस येऊन घेऊन गेला."

दुपारी नेत्रा आणि सदा पुन्हा पटांगणात पट्ट्या घेऊन उभे राहिले. एकला सावली आखूड. दीडला थोडी मोठी. सव्वादोनच्या सुमारास उभ्या पट्टीची सावली आडव्या पट्टीच्या टोकाला टेकली.

"सव्वादोन," सदा पुटपुटला. "पण सर तर पावणेदोनलाच गेले होते."

संध्याकाळी ठाण्यात नेत्रानं कोऱ्या कागदावर दोन समीकरणं मांडली. शाळेत तिनं अशी ढिगानं सोडवली होती. होडीचा संथ पाण्यातला वेग क्ष, प्रवाहाचा वेग य. येताना बारा किलोमीटर एका तासात, प्रवाहाबरोबर: क्ष अधिक य बरोबर बारा. जाताना तेच अंतर दोन तासांत, प्रवाहाविरुद्ध: क्ष उणे य बरोबर सहा.

क्ष नऊ. य तीन.

उत्तर कसं स्वच्छ आलं. होडीचा ताशी नऊ किलोमीटर वेग पटण्यासारखा, खाडीच्या पाण्याचा तीनही. दिनानाथ सर पावणेदोनला निघाले असतील तर पावणेचारलाच पोचतील. गणित त्यांच्या बाजूनं साक्ष देत होतं. कुणीतरी दुसरंच सव्वादोननंतर शाळेत आलं असेल का?

तिनं कागद बाजूला सारला.

सदा भावाशी फोनवर बोलत होता. त्याचा भाऊ मासेमारीला जाई. "उद्या नवमी ना? म्हणजे भरती पावणेसातला. सकाळी लवकर निघू नको मग."

नेत्रानं मान वर केली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांनाच येतो. तिलाही येत होता. तो वापरायचं तिला सुचलं नव्हतं, एवढंच.

"सदा, शनिवारी तिथी कोणती?"

"षष्ठी."

"सहाची पाऊणपट?"

"साडेचार." सदानं फोन खाली घेतला. "म्हणजे शनिवारी दुपारभर..."

"दुपारभर भरती चढत होती. पाणी खाडीत आत शिरत होतं. आंबेखारच्या दिशेनं."

तिनं कागद पुन्हा ओढला. दुसऱ्या समीकरणातल्या उणे चिन्हावर पेन टेकवलं, त्याला एक उभी रेघ दिली. उणेचं अधिक झालं.

"सकाळी लवकर आंबेखारला जायचं," ती म्हणाली. "ओहोटी लागली की तिथल्या धक्क्याखालचा चिखल उघडा पडेल. आणि सत्काराला कोण कोण होतं ते शोधून काढ."

मंगळवारी दुपारी तीन वाजता प्राप्तीच्या वर्गात चार माणसं जमली होती. पहिल्या बाकावर दिनानाथ चवरकर. मागे मितेश. खिडकीशी निकेत, बसायला सांगूनही उभा. दाराशी सदा.

नेत्रानं खडू उचलला आणि फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढला.

"उभी बाजू मीटरपट्टी, आडवी बाजू तिची सावली. प्राप्तीबाईंच्या फोटोत दोन्ही सारख्या आहेत. शनिवारी असं दोनदाच झालं. एकदा सकाळी अकरानंतर, पण तेव्हा सावली समुद्राकडे पडते, आणि रंगही पुरा झाला नव्हता. दुसऱ्यांदा सव्वादोनला. पाचला सावली उंचीच्या तिप्पट असते. तरी मेसेजमध्ये लिहिलंय, 'आत्ताच काढला'."

"कदाचित तिनं सव्वादोनला काढला आणि पाचला पाठवला असेल," दिनानाथ सर शांतपणे म्हणाले.

"मलाही तसं वाटलं होतं. पण पाच वाजता या बंधाऱ्याखाली माणूसभर पाणी होतं. साडेचारला पूर्ण भरती झाली होती. प्राप्तीबाई कोरड्या खडकावर पडल्या. पाय मोडला, जखमेचं रक्त गोठलं, त्यानंतर पाणी आलं. खडकांवर साडेतीनच्या आसपास पाणी चढतं. म्हणजे त्या अडीचच्या सुमारास पडल्या. पाचला मेसेज पाठवणारा हात त्यांचा नव्हता."

निकेतनं खिडकीचा गज धरला.

"पासवर्ड घरात निकेतना ठाऊक होता आणि शाळेत सगळ्यांना. मितेशना नव्हता. पाच वाजताच्या मेसेजनं निकेतना काहीच फायदा झाला नाही, उलट तेच अडकले. मग फायदा कुणाचा झाला? ज्याला पाच वाजता शंभर माणसं पाहत होती त्याचा."

"पावणेदोनला मी होडीत होतो," दिनानाथ सर म्हणाले.

नेत्रानं फळ्यावर दोन समीकरणं लिहिली.

"रविवारी तुम्ही ओहोटीबरोबर एका तासात आलात. मी घड्याळ पाहिलं होतं. शनिवारी जाताना दोन तास लागले म्हणालात, पाणी तोंडावर होतं म्हणून. हे उणे चिन्ह तुम्ही मला दिलंत आणि मी ते खरं धरलं. पण शनिवारी षष्ठी होती. दुपारी भरती चढत होती, पाणी तुमच्या पाठीशी होतं. इथं उणे नाही, अधिक हवं. जायलाही तासच लागणार. पावणेचारला पोचलात, म्हणजे पावणेतीनला निघालात. तुमचा एक तास इथं शाळेत गेला, सर. त्याच तासात प्राप्तीबाई पडल्या."

तिनं फळ्यावरच्या उणेला उभी रेघ मारली.

"पण का?" मितेशच्या तोंडून निघून गेलं. "सर तिला मुलीसारखं मानायचे."

"पाच मुलांनी पेपरात गोल रिकामे सोडले होते. कुणीतरी ते मागाहून भरले. नाण्यांच्या गणिताला पाचही ठिकाणी एकच चुकीचं उत्तर आलं, एक छेद तीन. पाच जणांनी चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं असतं तर सगळ्यांनी नेमका तोच गोल काळा करण्याची संभाव्यता चारात एक, पाच वेळा गुणून. एक हजार चोवीसात एक. हे आपोआप होत नाही. एकाच माणसानं ते भरले, आणि त्या माणसाला एक छेद तीन हेच उत्तर बरोबर वाटत होतं."

ती दिनानाथ सरांकडे वळली.

"एक छापा आणि एक काटा दोन तऱ्हांनी पडतो. पहिल्यावर छापा, दुसऱ्यावर काटा. किंवा उलट. म्हणून शक्यता तीन नाहीत, चार. प्राप्तीबाईंनी हे प्रत्येक मुलाला शिकवलं होतं. तुम्ही रविवारी याच शाळेत बसून मला सांगितलंत, दोन छापे, दोन काटे, नाहीतर एकेक, प्रत्येकाची तीनात एक. प्राप्तीबाईंनीही तुमच्या तोंडून ते ऐकलं असणार. म्हणूनच त्यांना शुक्रवारी लगेच कळलं."

"उत्तरपत्रिका माझ्या कपाटात होत्या म्हणून..."

"तुमचा मोबाइल तेव्हा सत्काराच्या टेबलावर होता, सर. मग शनिवारी पाच वाजता सत्कार चालू असताना, होडीची दोरी बघून येतो म्हणून धक्क्यावर जाऊन तुम्ही कुणाच्या मोबाइलवर बोटं फिरवत होतात? आंबेखारच्या दोन माणसांनी तुम्हाला पाहिलंय. टॉवर डोंगरावरचा, दोन्ही गावांना एकच, त्यामुळे तिथून कळलं नसतं."

सदा पुढं आला. त्यानं प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत चिखलानं माखलेला मोबाइल होता. मागच्या बाजूला एका कोपऱ्यात तडा गेला होता.

निकेतनं तो ओळखला.

"आज सकाळी ओहोटीला मिळाला. तुमची होडी बांधली होती त्याच्याच खाली," नेत्रा म्हणाली.

दिनानाथ चवरकरांनी फळ्याकडे पाहिलं.

"पुढच्या वर्षी ही शाळा बंद करणार होते," ते म्हणाले. आवाज वर्गात शिकवताना असावा तसा, सरळ. "निकाल नाही, मुलं नाहीत. वीस वर्षं घातली मी इथं. बाकीच्या पेपरांत बघून पाच मुलांचे थोडे गोल भरले, नाण्यांचं तेवढं स्वतःच्या डोक्यानं. कुणाचं काय नुकसान झालं? मुलांचं नाव झालं, गावाचं झालं."

"आणि तुमचं."

"ती दोनला आली. माझं आवरायचं होतं, म्हणून बाहेर पट्ट्यांशी काहीतरी करत थांबली. मग बंधाऱ्यावर आली. म्हणाली, सर, तुम्ही सत्कार घेऊ नका. तिथं उभं राहून खरं सांगा, नाहीतर सोमवारी मी सांगते. मोबाइलवर फोटो दाखवत होती. मी तो हातातून घेतला. तिनं ओढला. मी ढकललं. एवढंच. ती मागं गेली, आणि मागं काहीच नव्हतं."

"उत्तरपत्रिका?"

"तिच्या पर्समधून काढल्या. खाडीत सोडल्या." त्यांनी तळवे मांडीवर घासले. "मी वाकून पाहिलं. हलत नव्हती. मला वाटलं, गेली. देवाशपथ तसंच वाटलं. गेलेल्या माणसासाठी काय करणार होतो मी?"

"त्या गेल्या नव्हत्या. पाणी चढेपर्यंत जिवंत होत्या. धक्का बंधाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही होडी सोडेपर्यंत तिथंच होतात. त्यांनी हाक मारली नाही?"

बाहेर ओट्यावर मुलं जमली होती, त्यांचा आवाज येत होता. सदानं दार लोटून घेतलं.

"मारली," ते शेवटी म्हणाले. "मी मशीन चालू केलं. मग ऐकू आलं नाही."

मितेश उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. सदानं निकेतकडे पाहिलं, तो अंगावर धावून जाईल म्हणून पाऊल पुढं टाकलं. पण निकेत जागचा हलला नाही.

"काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

"सर, म्हणाली. नुसतं सर."

"कितीदा?"

दिनानाथ चवरकरांचे ओठ हलले, मोजत असल्यासारखे. मग त्यांनी मान खाली घातली, आणि सदानं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.